अभ्यासिकेचं वायफाय आणि लॉगिनचं पान: अडवतं कोण, सोडतं कोण?

करावे गाव

नेरूळमधल्या एका सार्वजनिक अभ्यासिकेसाठी विचारतोय. तळमजला अधिक पहिला मजला, १४० खुर्च्या, दोन पाळ्या. २०० एमबीपीएसची फायबर लाइन आणि चार अ‍ॅक्सेस पॉइंट आहेत. आत्ता सगळ्यांना एकच पासवर्ड आहे आणि तो समोरच्या चहाच्या टपरीलाही पाठ आहे. समितीचं म्हणणं असं की जोडल्यावर पान यावं, मोबाइल नंबर टाकावा, ओटीपी यावा आणि दिवसाला चार तास झाले की नेट बंद व्हावं. दोन कोटेशनं आलीत. दोन्हींत 'कॅप्टिव्ह पोर्टल' (नेट सोडण्याआधी लॉगिनचं पान दाखवणारी यंत्रणा) एवढंच लिहून पुढे रक्कम टाकलीय. मायक्रोटिकचा हेक्स राउटर आधीपासून आहे, तोच चालेल असं एकाचं म्हणणं.

प्रश्न: पान येतं तेव्हा आत नेमकं काय घडतं? काही फोनवर ते येतच नाही, ते का? आणि चार तासांची मुदत खरंच पाळली जाते की नावापुरती?

तीनहातनाका

कोटेशनमध्ये रंगीत पानाचे स्क्रीनशॉट असतील तर ते बाजूला ठेवा. अडवणारी गोष्ट म्हणजे गेटवेवरची, म्हणजे बाहेर जायच्या दारावर बसलेल्या राउटरवरची, एक यादी. उपकरणाचा मॅक (वायफाय चिपचा ओळख क्रमांक) आणि आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) त्या यादीत असेल तर डेटाची पाकिटं पुढे जातात, नसेल तर जात नाहीत. पान म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज, बाकी काही नाही.

क्रम असा. फोन एसएसआयडीला (वायफायच्या नावाला) जोडला जातो आणि डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) त्याला आयपी, गेटवे आणि डीएनएसचा (साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता मिळतो. हे सगळं लॉगिनच्या आधीच होतं, म्हणून 'कनेक्टेड' दिसूनही नेट नसतं. मग फोन स्वतःहून एक साधी एचटीटीपी विनंती पाठवून बघतो. अँड्रॉइड 'कनेक्टिव्हिटीचेक डॉट जीस्टॅटिक डॉट कॉम'ला विचारतो आणि २०४ क्रमांकाच्या कोऱ्या उत्तराची वाट पाहतो. आयफोन 'कॅप्टिव्ह डॉट अ‍ॅपल डॉट कॉम'वरून 'सक्सेस' हा शब्द येतो का ते बघतो. विंडोजला 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' हा मजकूर जसाच्या तसा हवा असतो. गेटवे पोर्ट ८० वरची (साध्या एचटीटीपीच्या वाटेवरची) ही विनंती मध्येच पकडतो आणि ३०२, म्हणजे 'दुसरीकडे जा' हे उत्तर देऊन आपल्या पानाकडे वळवतो. अपेक्षित उत्तर आलं नाही म्हटल्यावर फोनच लॉगिनची खिडकी उघडतो. म्हणजे राउटर पान ढकलत नाही, फोन चाचणी करतो तेव्हाच ते सापडतं.

पानावर भरलेली माहिती राउटरकडे जाते. राउटर ती रेडियस सर्व्हरला, म्हणजे सभासदांची खाती तपासणाऱ्या सर्व्हरला, यूडीपी पोर्ट १८१२ वर विचारतो. होकार आला तर त्यासोबत किती वेळ, किती वेग हेही येतं. राउटर यादीत नोंद करतो, फोन पुन्हा चाचणी करतो, यावेळी खरं २०४ मिळतं आणि खिडकी मिटते. नंतरचा हिशोब, म्हणजे किती मिनिटं आणि किती डेटा, यूडीपी १८१३ वरून जातो.

सीवूडस

पण हल्ली सगळं एचटीटीपीएस असताना मध्ये पकडतात कसं?

तीनहातनाका

पकडत नाहीत, पकडूही नये. कुणी बँकेची साइट उघडली आणि गेटवेने ४४३ वर (एचटीटीपीएसच्या पोर्टवर) आपलं पान घुसवलं तर प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही, ब्राउझर लाल इशारा देतो. साइट एचएसटीएसवाली (फक्त एचटीटीपीएसच चालेल अशी सक्ती करणारी) असेल तर 'तरीही पुढे जा' हे बटणच मिळत नाही. मायक्रोटिकमध्ये हॉटस्पॉट (त्यांच्या पोर्टलचं नाव) सर्व्हर प्रोफाइलला 'एचटीटीपीएस-रीडायरेक्ट' आहे, ते 'नो' करा. लॉगिनआधी ४४३ ला नुसता नकार द्यायचा. पान आणायचं काम फोनच्या चाचणीवर सोडा.

तुमच्या स्वतःच्या पानाला मात्र खरं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी विकत घेतलेल्या डोमेनचं एखादं उपनाव राउटरच्या आतल्या आयपीकडे वळवायचं. 'डॉट लोकल' नावाला कुठलीही सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाही. आणि नूतनीकरण आपोआप होईल अशीच सोय करा. १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०० दिवसांवर आलीय आणि २०२९ मध्ये ती ४७ दिवसांवर जाणार आहे. वर्षातून एकदा हाताने टाकायचे दिवस गेले.

पारसिक

पान न येण्याची कारणं, ज्या क्रमाने तपासावीत त्या क्रमाने लिहितो.

पहिला संशयित डीएनएस. लॅपटॉपवर कुणी ८.८.८.८ हाताने भरलेलं असतं. राउटरने लॉगिनआधी बाहेरचा डीएनएस बंद ठेवला असेल तर चाचणीच्या पत्त्याचं नावच सुटत नाही, मग वळवायला विनंती येणार कुठून? उपाय म्हणजे पोर्ट ५३ वर जाणारं सगळं, पत्ता कुठलाही असो, राउटरच्या स्वतःच्या डीएनएसकडे वळवायचं. मायक्रोटिकचं हॉटस्पॉट हे आपणहून करतं. नॅटच्या (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या) तक्त्यात ६४८७२ ते ६४८७५ असे आकडे दिसले तर तेच ते नियम, कचरा समजून पुसू नका.

दुसरा, अँड्रॉइडमधला 'प्रायव्हेट डीएनएस'. जाहिराती अडवणारा एखादा सर्व्हर तिथे नावानिशी टाकलेला असतो. तो टीसीपी ८५३ वर बोलतो. लॉगिन होऊनही 'इंटरनेट नाही' अशी तक्रार आली की हेच बघा. लॉगिननंतर ८५३ उघडा ठेवला तर बहुतेक तक्रारी मिटतात.

तिसरा, सतत चालू असणारं व्हीपीएन, त्यात 'व्हीपीएनशिवाय काहीच सोडू नका' हा पर्याय. तो तात्पुरता बंद करण्यावाचून इलाज नाही.

चौथी शक्यता लोक विसरतात. ज्या पत्त्यांवर फोन चाचणी करतो तेच कुणीतरी वॉल्ड गार्डनमध्ये, म्हणजे लॉगिनआधी मोकळ्या साइटींच्या यादीत टाकलेले असतात. मग फोनला २०४ मिळतं, सगळं आलबेल आहे असं तो समजतो आणि पान कधीच उघडत नाही. गूगलच्या साइटी सरसकट मोकळ्या केल्या की हे हमखास होतं.

आणि आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. फायबरच्या मोडेममधून पाहुण्यांच्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवरच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) आयपीव्ही६ उतरत असेल आणि पोर्टल फक्त आयपीव्ही४ वर बसलेलं असेल, तर अर्ज न भरताच माणूस बाहेर. त्या व्हीलॅनवर आयपीव्ही६चे पत्ते देणारी घोषणा, म्हणजे राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट बंद करा.

घोडबंदर_साईड

+१ पारसिक. एक भर: हे वळवावळवीचं प्रकरण मुळातच जुगाड होतं म्हणून आता सरळ रस्ताही आहे. २०२० च्या आरएफसी ८९१० या इंटरनेट मानकाप्रमाणे डीएचसीपी ऑप्शन ११४ मधून पोर्टलचा पत्ता थेट सांगता येतो. फोन तिथे विचारतो, 'मी अडकलोय का, आणि लॉगिन कुठे करू?' अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासून हे समजतं. पत्ता एचटीटीपीएस आणि प्रमाणपत्र अस्सल हवं. आधीच्या २०१५ च्या आरएफसीत ऑप्शन १६० ठरला होता, पण एका कंपनीचे टेबलावरचे फोन तोच क्रमांक वापरत असल्याचं नंतर लक्षात आलं. जुन्या लेखांत १६० दिसेल, तो वापरू नका.

जुनी पद्धतही चालूच ठेवायची, कारण सगळी उपकरणं ११४ वाचत नाहीत.

कोपरीपूल

मुदतीच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, तो मी घेतो. इथेच बहुतेक विक्रेते गंडतात.

'सेशन-टाइमआउट' चार तास ठेवला तर चार तासांनी माणूस बाहेर पडतो, लगेच पुन्हा लॉगिन करतो आणि त्याला आणखी चार तास मिळतात. ती एका बैठकीची मर्यादा आहे, दिवसाची नव्हे. मायक्रोटिकच्या स्थानिक वापरकर्त्यावर 'लिमिट-अपटाइम' असतं, ते उलट टोकाचं: एकूण वापर मोजतं आणि आपणहून कधीच शून्यावर येत नाही. चार तास संपले की तो सभासद कायमचा बाहेर. त्यासाठी शेड्युलरमधून रोज मध्यरात्री मोजणी शून्य करावी लागते.

नीट करायचं तर फ्रीरेडियस या मोफत रेडियस सर्व्हरमध्ये 'डेलीकाउंटर' वापरा आणि 'मॅक्स-डेली-सेशन'ला १४४०० द्या. आकडा सेकंदांत. मग दीड तास वापरून गेलेल्या माणसाला संध्याकाळी ९००० सेकंदच मिळतात. पण हा हिशोब अकाउंटिंगच्या नोंदींवर चालतो. १८१३ पोर्ट कुठे अडला असेल तर लॉगिन व्यवस्थित होत राहतं, वापर मात्र शून्यच दिसतो आणि कुणाचीच मुदत संपत नाही. महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. चालू केल्यावर पहिल्याच दिवशी नोंदींचा तक्ता उघडून बघा.

वेग देताना एकक सांभाळा. 'डब्ल्यूआयएसपीआर-बँडविड्थ-मॅक्स-डाउन' हा रेडियसमधला डाउनलोडच्या वेगाचा आकडा बिट प्रति सेकंदात आहे. पाच एमबीपीएससाठी ५०००००० लिहायचं, ५००० लिहिलंत तर सभासद तुमच्या नावाने शंख करतील. मायक्रोटिकच्या 'रेट-लिमिट'मध्ये '२एम/५एम' म्हणजे अपलोड २, डाउनलोड ५. पहिला आकडा राउटरच्या बाजूने बघायचा. आणि फायरवॉलमध्ये फास्टट्रॅकचा (पाकिटं तपासणीविना पटकन सोडण्याचा) नियम असेल तर तो पाहुण्यांच्या रहदारीसाठी काढा. फास्टट्रॅक झालेली पाकिटं सिम्पल क्यूला (वेग आवरणाऱ्या रांगेला) वळसा घालून जातात, मग वेगमर्यादा कागदावरच राहते.

करावे गाव

वीज गेली की काय होतं? आमच्याकडे देखभालीसाठी अधूनमधून बंद असते. राउटरला यूपीएस नाही.

कोपरीपूल

दोन गोष्टी बिघडतात. राउटर अचानक मेला की 'हा बाहेर पडला' ही शेवटची नोंद रेडियसला जातच नाही. तक्त्यात ती बैठक उघडीच राहते. तुम्ही 'सायमल्टेनियस-यूज' (एका वेळी किती बैठका) १ ठेवलं असेल तर वीज आल्यावर त्या सभासदाला 'तुम्ही आधीच आत आहात' असं उत्तर मिळतं. यासाठी अंतरिम नोंदी दर ३०० सेकंदांनी घ्या आणि ज्या बैठकीची नोंद १५ मिनिटांत आली नाही ती आपोआप बंद करणारी स्क्रिप्ट लावा. राउटर चालू होताना 'अकाउंटिंग-ऑन' पाठवत असेल तर ते मिळाल्यावर त्या राउटरच्या सगळ्या उघड्या बैठका मिटवायच्या.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अशा छोट्या राउटरांत बॅटरी नसते. वेळ चुकली की प्रमाणपत्रं अवैध वाटतात, नोंदी भलत्याच तारखेला पडतात आणि मध्यरात्रीची मोजणी भलत्याच वेळी शून्य होते. एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारी सेवा) लावा आणि राउटरला स्वतःला लॉगिनची आडकाठी नाही ना ते बघा. छोटा यूपीएस घ्याच, तो या सगळ्या स्क्रिप्टांपेक्षा स्वस्त.

डेटावर मर्यादा घालणार असाल तर आणखी एक: बाइट मोजणारे रकाने ३२ बिटांचे आहेत, ४ जीबीला ते पुन्हा शून्यापासून सुरू होतात. 'गिगावर्ड्स' हा वेगळा रकाना धरला नाही तर ५ जीबी वापरणारा १ जीबीवाला दिसतो.

तीनहातनाका

हेक्सबद्दल. राउटर ओएस या मायक्रोटिकच्या प्रणालीच्या लेव्हल ४ परवान्यावर एकाच वेळी २०० हॉटस्पॉट वापरकर्ते चालतात, लेव्हल ५ वर ५००. हेक्स लेव्हल ४ चा आहे. १४० खुर्च्या, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप धरला तर २८०. परीक्षेच्या हंगामात २०१ वं उपकरण अडकेल आणि कारण कुणालाच कळणार नाही. मायक्रोटिकचाच आरबी५००९ लेव्हल ५ सह येतो. नाहीतर माणशी एकच उपकरण ठेवा, पण अभ्यासिकेत ते टिकणार नाही.

आयपींचंही तेच. '/२४' आकाराच्या नेटवर्कमध्ये २५४ पत्ते. '/२३' घ्या, ५१० मिळतात, आणि डीएचसीपीची मुदत एक तास ठेवा. एक दिवस ठेवली तर सकाळच्या पाळीचे फोन घरी गेले तरी त्यांचे पत्ते अडकून राहतात.

सीवूडस

माझ्या माहितीतल्या एका ठिकाणी फोन खिशात ठेवून दहा मिनिटांनी काढला की पुन्हा लॉगिन मागतं. तेही पोर्टलमुळेच?

पारसिक

होय. मायक्रोटिकच्या वापरकर्ता प्रोफाइलमध्ये 'कीपअलाइव्ह-टाइमआउट' मुळातच २ मिनिटं असतो. फोन झोपला, उत्तर दिलं नाही, यादीतून नाव गेलं. तो ३० मिनिटांवर न्या. शिवाय सर्व्हर प्रोफाइलच्या 'लॉगिन-बाय'मध्ये 'मॅक-कुकी' चालू करून तिची मुदत पाळीएवढी ठेवा. मुळातली मुदत ३ दिवस आहे, ती तुमच्यासाठी जास्त. मग फोन परत आला की पान न दाखवता आत घेतो.

मॅक-कुकीला मर्यादा आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक देतो. साधारणपणे एका एसएसआयडीला तो तोच राहतो, पण नेटवर्क 'विसरलं', किंवा आयफोनवर फिरता पत्ता निवडलेला असला, तर नवा येऊ शकतो. ओळखायची खूण: मॅकच्या पहिल्या जोडीतला दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. म्हणून कायमची परवानगी मॅकवर देऊ नका. सभासदत्वाच्या खात्यावर द्या.

घोडबंदर_साईड

ओटीपीबद्दल माझं मत स्पष्टच सांगतो: तुम्हाला त्याची गरज नाही. अभ्यासिकेत सभासद आधीच ओळखपत्र दाखवून नाव नोंदवतात. सभासद क्रमांक आणि स्वतःचा पासवर्ड पुरे. ओटीपी अनोळखी माणसासाठी असतो.

ओटीपी घेतलाच तर हे कष्ट धरा. डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेवर) संस्थेची नोंदणी, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) नोंदणी, संदेशाच्या नमुन्याची नोंदणी. प्रत्यक्ष संदेश नोंदवलेल्या नमुन्याशी जुळला नाही की तो वाटेतच गळतो, आणि पोर्टल बिचारं 'पाठवला' म्हणत राहतं. शिवाय आयफोनची लॉगिन खिडकी हा पूर्ण ब्राउझर नाही. ओटीपी बघायला माणूस मेसेजमध्ये गेला की ती खिडकी मिटू शकते आणि वायफायही सुटतं. रकान्याला 'वन-टाइम-कोड' हा ऑटोकम्प्लीट लावा, म्हणजे आकडा कीबोर्डवरच सुचतो. पान १०० केबीच्या आत ठेवा. बाहेरचे फॉन्ट नकोत, कारण लॉगिनआधी ते उतरणारच नाहीत. 'गूगलने लॉगिन करा' हे बटण कुणी विकत असेल तर घेऊ नका, अशा अर्धवट खिडकीतून लॉगिन गूगल स्वतःच नाकारतं.

करावे गाव

समितीला 'ओटीपी म्हणजे पोलिसांनी विचारलं तर पुरावा' असं वाटतंय.

कोपरीपूल

पुरावा ओटीपीने होत नाही, साखळी जुळल्याने होतो. बाहेरून चौकशी येते ती सार्वजनिक आयपी, पोर्ट आणि वेळ घेऊन. तुमच्या नॅटमागे एकाच आयपीवर पावणेतीनशे उपकरणं. म्हणून नॅटची नोंद हवी: अमुक वेळी अमुक पोर्ट कुठल्या आतल्या आयपीला दिला. मग डीएचसीपीवरून आयपीचा मॅक आणि रेडियसवरून मॅकचा सभासद. यातली एक कडी नसली किंवा घड्याळं जुळत नसली तर फोन नंबरांची कितीही मोठी यादी असो, उपयोग शून्य. सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस ठेवायला आणि घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी जुळवायला सांगितलंय. संस्था लहान असली तरी हीच मुदत धरावी. राउटरमध्ये एवढी जागा नसते, सिसलॉग (राउटरच्या नोंदी) दुसऱ्या मशीनवर पाठवा. कोण कुठल्या साइटवर गेला हे साठवू नका, त्याची गरजही नाही.

नेट विकायचाच विचार असेल तर पीएम-वाणी बघा. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली सार्वजनिक वायफायची योजना आहे. पीडीओला (वायफाय देणाऱ्या दुकानाला किंवा संस्थेला) परवाना किंवा नोंदणी लागत नाही, ओळख पटवायचं काम अ‍ॅप आणि पीडीओए (पीडीओंना एकत्र सांभाळणारी कंपनी) बघतात.

सीवूडस

आणि पळवाटा? मुलं हुशार असतात.

तीनहातनाका

दोन नेहमीच्या. एक, यादी मॅकवर चालते आणि मॅक हवेत उघडाच दिसतो. आत असलेल्या कुणाचा मॅक उचलून लावला की अर्ज न भरता आत. पोर्टल हे पकडू शकत नाही, दोघांची कनेक्शनं मात्र अडखळतात. दोन, लॉगिनआधी डीएनएस मोकळा असतो म्हणून डीएनएसच्या प्रश्नोत्तरांतून डेटा नेणारी साधनं आहेत. ती हळू चालतात. एका आयपीकडून सेकंदाला किती डीएनएस विनंत्या घ्यायच्या याला मर्यादा घाला, आणि लॉगिनआधी आयसीएमपी (पिंगची पाकिटं) फक्त गेटवेपर्यंतच.

मॅक उचलण्यावर खरा उपाय पोर्टलमध्ये नाहीच. तो ८०२.१एक्समध्ये, म्हणजे डब्ल्यूपीए२ किंवा ३ एंटरप्राइझमध्ये आहे. तिथे आयपी मिळण्याआधीच ओळख पटते आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी. सभासद क्रमांक आणि पासवर्ड तेच, रेडियस सर्व्हरही तोच. नेहमीच्या सभासदांना तो एसएसआयडी द्या आणि एका दिवसाच्या पाहुण्यांसाठी कूपनवालं पोर्टल वेगळ्या व्हीलॅनवर ठेवा. सगळ्यांना पोर्टलमधूनच काढायचं असेल तर निदान एसएसआयडी उघडा ठेवू नका. डब्ल्यूपीए३चा पासवर्ड भिंतीवर लावलात तरी शेजारच्याला तुमची पाकिटं वाचता येत नाहीत. डब्ल्यूपीए२ मध्ये सुरुवातीची देवाणघेवाण पकडली तर येतात. जोडीला अ‍ॅक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणं).

रेडियस क्लाउडवर ठेवणार असाल तर तो उघड्या यूडीपीवरून नको. जुलै २०२४ मध्ये रेडियसमधला ब्लास्टरेडियस हा दोष उघड झाला, वाटेत बसलेला माणूस नकाराचा होकार करू शकतो. राउटर आणि सर्व्हर दोन्हीकडे 'मेसेज-ऑथेंटिकेटर' (संदेशावरची सही) सक्तीचा करा, नाहीतर टीसीपी २०८३ वर रॅडसेक (कूटबद्ध रेडियस) घ्या.

करावे गाव

शेवटचं. कार्यालयातला वायफाय प्रिंटर आणि हजेरीचं यंत्र आहे. त्यांना पान कोण दाखवणार?

पारसिक

कुणीच नाही. ती पाहुण्यांच्या नेटवर्कवर ठेवूच नका, कार्यालयाचा व्हीलॅन वेगळा करा. ते जमत नसेल तर हॉटस्पॉटच्या आयपी बाइंडिंगमध्ये 'बायपास्ड' नोंद करता येते, पण मॅक आणि आयपी दोन्ही बांधा आणि फायरवॉलमध्ये त्या आयपीला लागतील तेवढीच पोर्टं सोडा. नुसत्या मॅकवर बायपास दिलात तर प्रिंटरच्या पाठीवरचं लेबल वाचून कुणीही दिवसभर फुकट बसेल.